रियुनियनचं जॅकेट : डिझाईन, ऑर्डर आणि त्यावरून झालेली भांडणं. तुमचे अनुभव टाका

गड्ड्यावरचा_पाळणा

परवा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालेलो, प्लॅटफॉर्मवर एक घोळका उभा. सगळे साठीच्या पुढचे, अंगात सेम टू सेम बाटली हिरवी जॅकेटं, पाठीवर कॉलेजची कमान आणि खाली बॅचचं वर्ष. एक काका दुसऱ्या काकांची अडकलेली चेन ओढून देत होते आणि वर "तुला तेव्हापण काय जमत नव्हतं बे" चाललेलं. बघून आमच्या जॅकेटचा सगळा राडा आठवला, म्हणून धागा.

आमची २००० ची बॅच, इंजिनिअरिंग. पंचविशी मुद्दाम गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, आठवड्यात ठेवली, बाहेरगावचे तसेही तेव्हा घरी येतातच. जॅकेटची आयडिया बंगळुरूवाल्याची. सोलापूरवाले लगेच सुरू, आपल्याकडं थंडी असते किती, संक्रांतीच्या आगंमागं थोडी, त्यातपण दुपारी फॅन लागतो, टीशर्ट करा. तर एका मुलीनं (मुलगी म्हणजे आता तिची मुलगी बारावीला आहे) लिहिलं, टीशर्टमध्ये पोट दिसतं, जॅकेटमध्ये झाकतं. विषय संपला. आमच्या वर्गाचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

रंग मरून. एक जण शेवटपर्यंत काळा म्हणत होता, संक्रांतीला काळंच घालतात की म्हणून. मुद्दा बरोबर होता पण त्याचं कुणी ऐकत नाही, तेव्हाही ऐकत नव्हते.

मग पाठीवर काय टाकायचं. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यासकट, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, सगळं येऊन गेलं. एकानं चार हुतात्म्यांचे पुतळे सुचवले. त्याला म्हटलं बाबा, १२ जानेवारीला आपण सगळे मिळून हार घालायला जाऊ, पण मल्लप्पा धनशेट्टींना पाठीवर घेऊन डीजेवर नाचायचं नाही. पटलं त्याला. शेवटी ठरलं की छातीवर कमान आणि पाठीवर सगळ्या वर्गाची नावं.

आणि इथं खरं सुरू झालं. नावं म्हणजे कुठली? हजेरीपटावरची म्हटलं तर एक मैत्रीण म्हणाली ते आडनाव मी पंचवीस वर्षं लिहिलेलं नाही, माझी पोरं ओळखणार नाहीत. दुसरी म्हणाली मी लग्नानंतरही तेच लावते, मला तेच पाहिजे. तिसरी म्हणाली दोन्ही टाका. चौथीचा घटस्फोट झालेला, तिनं पर्सनलवर मेसेज केला की मला दोन्हीतलं कुठलंच नको. पोरं सगळी गप्प, एरवी प्रत्येक गोष्टीत तोंड घालणारी. मग कुणीतरी म्हणालं, सगळ्यांचीच आडनावं काढा, मुलांचीपण. फक्त नाव आणि रोल नंबर. आमच्याकडं संतोष पाच होते, तेपण त्यात सुटले. आता ग्रुपवरसुद्धा "संतोष २३ ला विचारा" असंच चालतं.

तुमच्याकडं काय झालं? कापड कुठलं घेतलं, छपाई का भरतकाम, कशावरून वाजलं, सगळं टाका. जॅकेट नसंल तर टीशर्ट, टोपी, उपरणं, काहीपण चालेल.

मीनल_विजापूररोड

आमच्याकडं फक्त साईझवरून. फॉर्म फिरवला तर निम्म्या वर्गानं एल लिहिलं. कॉलेजातला एल. नशीब की एकीनं हट्ट धरून नवी पेठेतल्या एकाच्या दुकानात साईझसेट ठेवायला लावला, एम पासून ट्रिपल एक्सएल पर्यंत एकेक पीस, जाता येता घालून बघा आणि वहीत लिहा. वहीत सगळे एक साईझ वर गेले. बाहेरगावच्यांना सांगितलं की तुमचा बसणारा शर्ट पलंगावर पसरा, बगलेखालून बगलेखाली टेप लावा, दुप्पट करा आणि तो इंच पाठवा. एम एल काही लिहू नका, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो. एवढं केलं की वाद नाही.

दाजी_सातरस्ता

मे महिन्यात ४४-४५ ला उकडतंय आणि हे जॅकेट शिवतायत 😂 ताकाचा तांब्या द्या की स्मृतिचिन्ह म्हणून

मीनल_विजापूररोड

दाजी तुम्ही तुमच्या रियुनियनला टॉवेल वाटले होते ना, बॅचचं नाव विणलेले?

दाजी_सातरस्ता

हो मग! सोलापूरचा माणूस टॉवेलच वाटणार. नाव जकार्डवर (नक्षी विणायचा माग) विणून घेतलं, छापलेलं नाही, धुऊन जाणार नाही. आजतागायत अंग पुसतोय. तुमचं जॅकेट कपाटात, आमचा टॉवेल रोज उन्हात.

पंचिंगवाला_अन्ना

नमस्कार मंडळी. माझं अक्कलकोट रोडला एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे, मशीन चालू आहेत, मधी मधी लिहितो. हे रियुनियनवाले दरवर्षी येतात, चांगली माणसं असतात, पण काही गोष्टी आधी माहीत असल्या तर त्यांचापण वेळ वाचंल आणि माझं डोकंपण.

पहिली गोष्ट, फेब्रुवारी ते जून येऊ नका. तेव्हा पूर्ण सोलापूर युनिफॉर्म शिवत असतं, शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे, तुमच्या साठ पीसला कोण हात लावणार. पाऊस सुरू झाल्यावर या. जानेवारीत कार्यक्रम असंल तर दिवाळीच्या आत सगळं फायनल पाहिजे, दिवाळीला कारागीर गावाला जातात, आल्यावर आठवडाभर रंगात येत नाहीत.

दुसरी, लोगोचा व्हॉट्सॅपवरचा फोटो पाठवूलालेत आणि म्हणूलालेत असंच पाहिजे. फोटोवरून मशीन चालत नाही. त्याचं आधी पंचिंग करावं लागतं, म्हणजे कुठला टाका कुठून कुठं जाणार ते कॉम्प्युटरवर बसवायचं. ते एकदाच लागतं. नंतर पीसचा रेट टाक्यांवर, हजार टाक्याला इतके. म्हणून मोठ्ठं भरीव डिझाईन महाग आणि नुसती रेघ स्वस्त. कमानीतल्या विटा विटा दाखवायचा हट्ट करू नका, लांबून कुणाला दिसत नाहीत आणि पैसे जातात.

तिसरी, पाच मिलीमीटरपेक्षा बारीक अक्षर भरतकामात उठत नाही. मराठी तर अजिबात नाही, उकार आणि रफार एकमेकात जातात. पाळणा सरांनी वर सगळ्या वर्गाची नावं लिहिलीत, ती भरतकामात केली असती तर पाठ पत्र्यासारखी कडक झाली असती. नावं स्क्रीन प्रिंटला द्यायची, छातीवरचा लोगो भरायचा. बहुतेक जण तसंच करतात.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. भरतकाम आणि छपाई कटिंग झाल्यावर, शिलाईच्या आधी होते, सुट्ट्या पाठीवर. एकदा जॅकेट शिवून झालं की आत अस्तर, पॉकेट, चेन, मशीनच्या रिंगमधी बसत नाही. म्हणजे कटिंग झालं की "अजून एक नाव राहिलंय" चालत नाही. प्रत्येक बॅचचं एक नाव राहतंच. त्यासाठी यादी प्रिंट मारून, सही घेऊनच मी मशीन लावतो.

संध्या_के

अन्ना कापडाचं सांगा ना, आम्हाला एकानं ३२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) सांगितलं एकानं २४०

पंचिंगवाला_अन्ना

मॅडम तुमचे लोक महाबळेश्वरला जाणार का इथंच राहणार? ३०० च्या वरचं आतून ब्रश मारलेलं फ्लीस असतं, लुधियानाकडं घालतात. इथं २४० चं लूपनिट भरपूर झालं, आतून लूप असतात, हवा खेळते. कॉटन जास्त असलेलं घ्या आणि आधी आकसवून घेतलेलं आहे का विचारा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर. सँपलचा एक पीस घरी नेऊन तीनदा धुवा, मगच लॉटला हो म्हणा.

कविता_होटगीरोड

मरून घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. आमचंपण मरूनच होतं, पॉलिस्टर फ्लीस, वर पांढरी अक्षरं. डिलिव्हरीच्या दिवशी एकदम छान. बॉक्समध्ये पॅक करून ठेवली, कार्यक्रमाला उघडली तर सगळी अक्षरं गुलाबी. पोरं म्हणाली वा, डिझाईन आहे का हे. छपाईवाला म्हणतो कापडाचा दोष, कापडवाला म्हणतो शाईचा. नंतर कळलं दोघंही थोडे थोडे बरोबर, पॉलिस्टरचा रंग उष्णतेनं सुटून वरच्या शाईत चढतो, गडद लाल मरूनला जास्तच, त्यासाठी वेगळी शाई मिळते आणि भट्टीचं टेंपरेचर कमी ठेवावं लागतं. कॉटनला हा त्रास नाही. असो. आम्ही आता गुलाबी गँग म्हणून प्रसिद्ध आहोत.

दाजी_सातरस्ता

गुलाबी थंडीचं जॅकेट 😄

कविता_होटगीरोड

दाजी 🙏 हा जोक तेव्हा साठ जणांनी मारून झालाय

बाळीवेसचा_बाळ्या

आमचं मराठीत होतं सगळं, पाठीवर "रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा". डिझाईन करणाऱ्यानं श्रीलिपीत केलं, फाईल तशीच पाठवली, तिकडं तो फॉन्टच नव्हता. उघडल्यावर काय दिसलं असंल विचार करा, वेलांटी एकीकडं काना एकीकडं. ते त्यांनी त्यांच्या मनानं दुरुस्त केलं आणि झालं "रौप्यमहोत्स्वी". प्रूफ ग्रुपवर टाकलेलं, एकूण एक माणसानं अंगठा दाखवला. वर्गातली एक आता माध्यमिकला मराठी शिकवते, तिनंपण अंगठा दाखवला. कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये लाईनीत उभी होती, पुढच्याची पाठ समोर, तिथं तिला दिसलं. ओरडलीच. त्यानंतर दिवसभर ती लाल पेन घेऊन लोकांच्या पाठीवर...

तर सांगायचं हे की अक्षरं कर्व्हमध्ये करून मगच फाईल द्या, मग फॉन्ट असो नसो चित्रच जातं. आणि प्रूफ ग्रुपवर टाकू नका, दोन माणसांच्या हातात कागद द्या.

पंचिंगवाला_अन्ना

कर्व्हचं बरोबर बोलले. हे मी बोर्डावर लिहून लावलंय तरी रोज एक येतो.

भाग्यश्री_जर्सी

मी मूळची सोलापुरातल्या रेल्वे लाईन भागातली, सध्या न्यू जर्सीत, प्रिन्स्टनपासून जवळ. तिथं विद्यापीठाचं रियुनियन मे महिन्याच्या शेवटी असतं, एकदा बघाच. हजारो लोक केशरी-काळ्या कपड्यांत. प्रत्येक बॅचचं आपलं डिझाईन, वाघ बिघ काढलेले, आणि मग सगळ्यांची मिरवणूक, तिला पी-रेड म्हणतात, पंचविसाव्या वर्षाची बॅच सगळ्यात पुढं. त्यांच्याकडं बिअर जॅकेट म्हणून एक प्रकार आहे, १९१२ च्या आसपास शेवटच्या वर्षाच्या पोरांनी सुरू केलेला, बिअरचा फेस सांडून चांगले कपडे खराब होऊ नयेत म्हणून वरून घालायचं पांढरं जॅकेट. पुढं तेच मानाचं झालं. ऐंशी नव्वदीचे आजोबा आपापल्या बॅचचं रंगीबेरंगी जॅकेट घालून गोल्फच्या गाडीतून हात हलवत जातात. मी दरवर्षी मुलांना घेऊन बघायला जाते आणि आमच्या वर्गाला फोटो टाकते, ते फक्त विचारतात बिअर फुकट का.

हुरडा_लवकर_या

आपल्याकडं शेंगाचटणीचं तेल सांडू नये म्हणून जॅकेट. सेम कन्सेप्ट.

भाग्यश्री_जर्सी

शेंगाचटणी!! कुणी येणार असेल इकडं तर प्लीज. इथं मिक्सरमधून काढते मी, ती उखळातली चव येत नाही.

हुरडा_लवकर_या

मिक्सरमधी दाण्याला तेल सुटतं पण कुटल्यासारखं सुटत नाही ताई. पत्ता टाका पर्सनलवर, माझा मेव्हणा जानेवारीत चाललाय. कडक भाकरीपण देतो, ती महिनाभर काय होत नाही.

खजिनदार_नाइलाजाने

पैशाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी सीए नाही, वर्गात अकाउंट्सला पहिला आलो होतो एवढ्या जोरावर मला बसवलं.

एक, पैसे आल्याशिवाय नाव यादीत नाही. "टाक की, भेटल्यावर देतो" वाल्यांचं जॅकेट शिवायचं नाही. हे निर्दयीपणे करावं लागतं. जे करोडपती आहेत तेच उशीर करतात, हा माझा अनुभव. दोन, बिल घ्या. तयार कपड्यावर आता नगाला २५०० पर्यंत ५ टक्केच जीएसटी आहे, सप्टेंबर २०२५ पासून, आधी १००० च्या वर गेलं की १२ लागायचा म्हणून लोक ९९० चं जॅकेट मागायचे. आता त्या कसरतीची गरज नाही. तीन, चारपाच पीस जास्तीचे करा, मोठ्या साईझमध्ये, लहान साईझचं कुणीही मागत नाही.

आणि चौथं जरा वेगळं. आमच्यात काही जणांची परिस्थिती बेताची, एकाची रिक्षा आहे, एकाचं यंत्रमागाचं काम गेल्यापासून असंच चाललंय. त्यांना फुकट दिलं असतं तर घेतलं नसतं. मग आम्ही वर्गणी एकच न ठेवता "किमान इतके, पुढं इच्छेनुसार" केली आणि किमान आकडा एकदम खाली ठेवला. कुणी किती दिले ते फक्त मला माहीत. रिक्षावाल्यानं किमानपेक्षा जास्त पाठवले, ते परत पाठवायची माझी हिंमत झाली नाही. करोडपतीनं बरोब्बर किमान पाठवले 😀

संध्या_के

करोडपती सगळ्या वर्गात एकच असतो का, आमचापण सेम आहे

पूर्वभागातली_पोर

आमची डीएडची बॅच, दहा वर्षं झाली म्हणून भेटलो. तिरुपूरचं कापड मागवून त्याच्यावर सोलापूर छापायचं हे मला पटेना. मी म्हटलं आपण चादरीचं जॅकेट करू. बिनबाह्यांचं, पुढं बटणं. आमचे वडील आयुष्यभर यंत्रमागावर, चादरच विणली त्यांनी. घरी सांगितलं तर नाराज झाले, चादर कापतात का म्हणाले. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली वस्तू आहे आणि तुम्ही कात्री लावणार.

शिंप्याकडं गेलो, त्यानं हात लावला नाही, मशीन बसंल म्हणाला. जाड असते ना. शेवटी बॅगा शिवणारा एक मिळाला, त्याची मशीन जड कामाची, सुई सोळा अठरा नंबरची. कापल्या कापल्या कडा उसवायला लागतात, म्हणून आधी ओव्हरलॉक आणि मग सगळीकडून पायपिंग, नाहीतर दोन धुण्यात दोरे. आतून पातळ कॉटनचं अस्तर लावलं, टोचायचं बंद झालं. पहिल्यांदा धुताना वेगळी धुवा. डिझाईन पुढच्या दोन्ही बाजूला जुळवायचं तर कापड जास्त जातं, त्यात वाया जाणारं खूप होतं. हिशेब बसत नव्हता.

तर वडीलच आले तिथं. चादर अंथरली, खडू घेतला आणि मोराचा पिसारा बरोबर पाठीवर येईल असं आखून दिलं, उरलेल्या पट्टीतनं खिसे काढले. बॅगवाल्याला म्हणाले आडवं नको, ताण्याच्या दिशेनं काप, नाहीतर लोंबंल. बारकी चूक निघाली की त्याला तेलुगूत झापायचे. एकदम खूश होते पण बोलले नाहीत. अजून विचारलं तर म्हणतात, चादर कापायची नसते.

गड्ड्यावरचा_पाळणा

ताई फोटो टाका ना. आम्हाला सुचलंच नाही हे, जळलो मी.

पूर्वभागातली_पोर

टाकते रात्री, पोरांची परीक्षा चालू आहे. दादा पण खरं सांगू, वजनाला भारी होतं. नाचताना सगळ्यांनी काढून खुर्चीवर ठेवली.

पार्कचौकातला

आमचा वाद विद्यापीठावरून. एक जण म्हणाला बाहीवर विद्यापीठाचं नाव टाकू. कुठल्या? आमच्या मार्कशीटवर शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर. सोलापूरचं २००४ ला झालं, २०१९ ला त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं. शिकलो सोलापुरात, पेपर तपासले कोल्हापूरकडं, दाखला काढायला तिकडं मिरजेवरून हेलपाटे. एक म्हणाला कोल्हापूर टाकलं तर लोक विचारतील तांबडा का पांढरा. दोन दिवस चाललं. मग बाहीवर काहीच नाही टाकलं, पैसे वाचले.

निमा_मोहोळ

मी लिहू का नको करत होते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं, लग्न झालं. डिग्री नाही. मला ग्रुपमध्ये घेतलं होतं पण जॅकेटचा फॉर्म आला तेव्हा मी भरला नाही. वाटलं बॅच म्हणजे पास झालेले. तिकडं म्हणे यादीवरून चर्चा झाली, एक जण म्हणाला की डिग्री नाही तर बॅचची कशी. तर दुसऱ्यानं त्याला लिहिलं, डिग्री तुला तरी सहा वर्षांनी मिळाली की बे, मग तू कुठल्या बॅचचा. त्यावर सगळे हसले आणि माझं नाव घातलं. मला हे नंतर मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवून सांगितलं.

जॅकेट भारी आहे. पहाटे द्राक्षाला फवारणी असते तेव्हा घालते, त्या वेळी गार असतं. सासूबाईंनी विचारलं हे पाठीवर कुणाची नावं. म्हटलं माझा वर्ग.

मीनल_विजापूररोड

निमाताई ❤️ फवारणीला जुनं काहीतरी घाला हो, डाग जात नाहीत त्याचे

निमा_मोहोळ

माहीत आहे, तरी घालते 😊

उत्तरकसब्यातला

आमचा एक मित्र २०२१ ला कोविडात गेला. नाव यादीत ठेवायचं हे कुणी विचारलंपण नाही, ठेवलंच. चौकटीत टाकू का, पुढं कै. लिहू का, असं डिझाईनरनं विचारलं. आम्ही म्हटलं काही नको, रोल नंबरप्रमाणं जिथं येतं तिथं. त्याचंही जॅकेट शिवलं, त्याच्या भावाला दिलं. भावाला बरोबर बसलं. संध्याकाळी तोच तंबोला घेत होता आणि सगळ्यांना फसवत होता, हे अगदी आमच्या मित्राचंच.

अनघा_ब

हे चांगलं केलंत. आमच्यात स्वतंत्र चौकट केली होती आणि ती पाठ बघितली की पहिली नजर तिथंच जायची, पूर्ण दिवस.

जुळेसोलापूरकर

सरांना दिलं का कुणी? आम्ही आमच्या फिजिक्सच्या सरांना दिलं, वय ७८. माप कसं घ्यायचं, विचारलं तर म्हणणार नको नको. मग त्यांच्या सुनेकडून जुना सफारीचा कोट मागवून मोजला. सर कार्यक्रमात म्हणाले मी काय पोरगा आहे का. आता रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याकडं फिरायला तेच घालून. आमच्या पुढच्या मागच्या बॅचचे लोक भेटले की सरांना चिडवतात, सर तुम्ही ९८ चे का. सर म्हणतात हो, दोनदा नापास झालो.

दाजी_सातरस्ता

सर भारी

संध्या_के

बरं आमचं ठरलं नाही अजून. कार्यक्रम हुरड्यालाच ठेवायचा आहे, शेतावर. मग जॅकेट मातीत खराब नाही का होणार? पांढऱ्या बाह्या म्हणतायत पोरी.

हुरडा_लवकर_या

पांढऱ्या बाह्या आणि हुरडा? राखेत भाजलेली कणसं हातावर चोळायची असतात ताई. मग जॅकेटला पुसणार सगळे. राखाडी घ्या. किती जण आहात? आमचं शेत तुळजापूर रोडला आहे, दही, गूळ, शेंगाचटणी, सगळं आमच्याकडंच होतं.

संध्या_के

साठएक. पण जेवण हवं, नुसता हुरडा नको, आमच्यातल्या निम्म्यांना शुगर आहे

हुरडा_लवकर_या

शुगरवाल्यांना ज्वारीचीच भाकरी, पिठलं, वांगं. गूळ लपवून ठेवतो.

खजिनदार_नाइलाजाने

संध्याताई ॲडव्हान्स निम्म्याच्या वर देऊ नका, ना जॅकेटला ना शेताला. तारीख लिहून घ्या.

संध्या_के

हो दादा. अन्ना, आम्ही राखाडी लूपनिट, छातीवर छोटा लोगो, मागं नावं छापून, पुढच्या आठवड्यात येऊ का?

पंचिंगवाला_अन्ना

या की. दुपारी चारनंतर या, तोपर्यंत मशीनजवळ बोलायला येत नाही. नावांची यादी प्रिंट मारून आणा, इंग्रजी का मराठी ते घरूनच ठरवून आणा, माझ्या ऑफिसात बसून भांडू नका, मागच्या वेळच्या बॅचनं संध्याकाळी आठ वाजवले आणि शेवटी मीच चहा पाजला. आणि फाईल कर्व्हमधी.